मोटार अपघातातील जखमीचा दावा

(मोटारसायकल पायलट, बस व टेंपो चालक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या कायदेविषयक शिबिरातील व्याख्यानाची संहिता)



अपघाताची वार्ता वृत्तपत्रात येते तेव्हा मृतांची संख्या ठळक अक्षरांत असते आणि ‘जखमींना बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले’ एवढ्या एका वाक्यात इतरांची बोळवण होते. त्या वाक्यापुढे जखमींचे काय झाले हे वाचकास कळत नाही. मृताच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळतो, आणि गाव त्याच्या सांत्वनास धावते हे योग्यच होय. पण जो वाचला त्याला ‘नशीब बलवत्तर म्हणून वाचलास’ असे सांगून चार दिवसांनी सर्व जण आपापल्या उद्योगाला लागतात. ज्याचा पाय दीड इंचाने आखूड झाला आहे, ज्याच्या उजव्या हाताची पकड गेली आहे, ज्याला अर्धा तास बसले की कंबर साथ देत नाही, असा माणूस पुढील वीस-पंचवीस वर्षे कसा जगतो याची नोंद कोठेही होत नाही. या वाचलेल्या माणसाला कायद्याने कोणते हक्क दिले आहेत आणि ते पदरात पाडून घेताना तो कोठे चुकतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

मोटार अपघाताची नुकसानभरपाई पूर्वी दिवाणी न्यायालयातून मागावी लागे. तेथील मुद्रांक शुल्क आणि विलंब सामान्य माणसास परवडणारा नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे निर्माण झाली. १९८२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता मृत्यूसाठी १५ हजार व कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये देण्याची तरतूद त्या वर्षी झाली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील नुकसानभरपाईच्या प्रकरणात २०१९ साली मोठे फेरफार झाले व ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले आहेत. जुन्या माहितीवर विसंबून सल्ला देणारे गावोगाव भेटतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना हे फेरफार ठाऊक नसतात आणि त्याची किंमत मात्र जखमी मोजतो.

अपघातानंतरचे पहिले दिवस

सर्वप्रथम जीव वाचला पाहिजे हे उघड आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा गोव्यात २००८ पासून आहे. जखमीला उचलून रुग्णालयात पोचविणाऱ्या सद्गृहस्थास पोलिसांचा व न्यायालयाचा ससेमिरा लागू नये म्हणून कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले आहे. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचार योजना अधिसूचित केली. तीनुसार नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दर व्यक्तीस दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. खाटेजवळ बसलेल्या नातलगाने याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

यानंतरचा विषय कागदपत्रांचा. तो रुक्ष खरा, परंतु दावा तरतो किंवा बुडतो तो येथेच. रुग्णालयात दाखल करतेवेळी ‘मोटार अपघात’ अशी नोंद झाली पाहिजे. पोलिसांच्या भीतीने अथवा समोरचा चालक ओळखीचा निघाला म्हणून ‘घरात पाय घसरून पडला’ असे सांगणारे लोक आहेत. ते एक वाक्य रुग्णालयाच्या कागदावर उमटले की पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद वर्षानुवर्षे फडकावीत राहतो. मग साक्षीपुराव्याने ते पुसून काढणे फार कष्टाचे होते.

दुसरी गोष्ट प्रथम खबरीची. निष्काळजीपणे वाहन चालवून इजा केल्याबद्दल आता भारतीय न्याय संहितेच्या २८१ व १२५ या कलमांखाली गुन्हा नोंदविला जातो. चौकीवर गेल्यावर ‘दवाखान्याचा खर्च देतो, तक्रार कशाला करता’ असे समोरचा म्हणतो आणि गावकीच्या संबंधाखातर प्रकरण मिटविले जाते. आपल्या समाजात हा संकोच मोठा आहे आणि त्याला नावे ठेवण्याचेही कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे की नुकसानभरपाई बहुधा त्या गावकऱ्याच्या खिशातून जात नसते. त्याने ज्या विमा कंपनीला हप्ता भरलेला आहे तिच्याकडून ती यायची असते. पंधरा हजारांत मिटविलेल्या प्रकरणातील हाड सहा महिन्यांनी जुळले नाही असे आढळते, आणि तोवर पंचनामा नाही, वाहनाची तपासणी नाही, साक्षीदार कोण होते ते कोणास आठवत नाही, अशी अवस्था होते.

२०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांवरही निश्चित जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे, १० दिवसांच्या आत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना मिळाला पाहिजे आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर झाला पाहिजे. या सविस्तर अहवालासच नुकसानभरपाईचा अर्ज समजण्याची मुभा कायद्याने न्यायाधिकरणास दिली आहे. तरतूद स्तुत्य आहे. तथापि तीवर सर्वस्वी भिस्त न ठेवता जखमीने आपला स्वतंत्र अर्ज दाखल करणे हेच शहाणपणाचे होय. कारण पोलिसांच्या अहवालात अपघात कसा झाला हे असते, त्याच्या संसाराचे काय झाले ते पुरतेपणी येणे कठीण.

मुदत आणि ठिकाण

१९९४ च्या दुरुस्तीने या दाव्याची मुदत काढून टाकण्यात आली होती. ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसले आहे. ते आता खरे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. या मुदतीच्या वैधतेस आव्हान देण्यात आले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत उलटली या कारणास्तव अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश हा अंतरिमच असतो. त्याच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. पायाला सळई घातलेली असली, उपचार चालू असले, तरीही अर्ज दाखल करता येतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागाहून सादर करता येते.

अर्ज कोठे करावा याविषयी सीमाभागात विलक्षण गैरसमज आहेत. बेळगावचा भाजीपाला घेऊन रोज पहाटे टेंपो गोव्यात उतरतात. समजा, चोर्ला घाट उतरून साखळीकडे येताना अशा टेंपोस ट्रकची धडक बसली आणि खानापूर तालुक्यातील एक हमाल जखमी झाला. अपघात गोव्यात झाला म्हणून गोव्यातच खेटे घालावे लागतील, या समजुतीने असा माणूस दावाच सोडून देतो. कायदा त्याला तीन पर्याय देतो. अपघात जेथे घडला तेथील, स्वतः तो जेथे राहतो अथवा व्यवसाय करतो तेथील, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे त्याला जाता येते. म्हणजे हा हमाल आपल्या बेळगाव जिल्ह्यात दावा लावू शकतो, आणि कामानिमित्त गोव्यात राहणारा सावंतवाडीचा माणूस मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीजवळ जखमी झाला तर तो गोव्यात लावू शकतो. मात्र एका राज्याचे पोलिसी कागद दुसऱ्या राज्यात वापरावयाचे तर भाषेचा प्रश्न येतो. कर्नाटकातील जबाब व पंचनामे बहुधा कन्नडमध्ये असतात. त्यांच्या प्रमाणित नकला व भाषांतरे वेळीच करून घ्यावीत.

याच हमालाच्या बाबतीत आणखी एक दार उघडे असते. कामावर असताना इजा झाल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या भरपाईविषयक कायदेशीर तरतुदींखालीही त्याला मालकाकडून भरपाई मागता येते. परंतु कलम १६७ अन्वये या दोहोंपैकी एकच मार्ग पत्करावा लागतो. कोणता पत्करावा हे वकिलाशी बोलून, आकडे मांडून ठरवावे.

अपंगत्वाची टक्केवारी आणि उपजीविका

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळणे इष्ट होईल. वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देते : अमुक अवयवाचे ३० टक्के कायमचे अपंगत्व. जखमी माणूस हा आकडा शिरोधार्य मानतो, आणि आपले तीस टक्के नुकसान झाले असे समजून चालतो. विमा कंपनीचीही तशीच भूमिका असते, किंबहुना तो आकडा एका अवयवाचा आहे, संपूर्ण शरीराचा त्याहून कमी धरा, असा तिचा आग्रह असतो. परंतु शरीराची हानी आणि कमावण्याच्या शक्तीची हानी या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निर्णयात हे तत्त्व अत्यंत स्पष्ट शब्दांत मांडले. न्यायालयाने दिलेले उदाहरण मार्मिक आहे. डावा हात गमावलेला माणूस मोटारचालक किंवा सुतार असेल तर त्याचा उदरनिर्वाहच बुडाला असे होऊ शकते. तोच सरकारी कचेरीतील कारकून असेल तर त्याची नोकरी व पगार कदाचित जसाच्या तसा राहील. हात दोघांचाही गेलेला आहे आणि प्रमाणपत्रावरचा आकडाही दोघांचा सारखाच आहे.

म्हणून न्यायाधिकरणाने पाहावयाचे ते असे की, जखमी अपघातापूर्वी काय काम करीत होता, त्या कामाला शरीराचे कोणते अवयव लागत होते, आता तो काय करू शकतो आणि दुसरे एखादे काम करून तो किती मिळवू शकेल. २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे टंकलेखनाचे काम करणाऱ्या एका तरुणाचे प्रकरण आले. त्याचा उजवा हात गेला होता. उच्च न्यायालयाने त्याच्या कमाईची हानी ४५ टक्के धरली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ टक्के धरली. शिवाय भविष्यात उत्पन्न वाढले असते याचा विचार जखमींच्याही दाव्यात झाला पाहिजे, तो केवळ मृतांच्या वारसांपुरता नाही, हेही त्या निर्णयाने निःसंदिग्ध झाले.

गोव्यातील एका पायलटाचे काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडता येईल. वय ३८, मासिक उत्पन्न १५ हजार रुपये, उजव्या घोट्याचा व गुडघ्याचा अस्थिभंग. प्रमाणपत्र ३० टक्क्यांचे. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजार. स्वयंरोजगार करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी भावी वाढीचे ४० टक्के मिळविले की २ लाख ५२ हजार. या वयोगटासाठी गुणक १५ आहे. प्रमाणपत्रातील ३० टक्के जसेच्या तसे धरले तर या सदराखाली ११ लाख ३४ हजार रुपये होतात. आता असे समजा की, गुडघा न वाकल्यामुळे त्याला उजव्या पायाने गाडीचा गतिरोधक दाबता येत नाही, मागे माणूस बसवून दिवसभर गाडी हाकणे अशक्य झाले आहे, आणि गाडी सोडून फुलांची टोपली घेऊन बसण्याखेरीज त्याला दुसरा धंदा उरलेला नाही. हे सर्व साक्षीपुराव्याने मांडले गेले आणि न्यायाधिकरणाने कमाईची हानी ६० टक्के मानली, तर तीच रक्कम २२ लाख ६८ हजार होते. अपघात तोच, पाय तोच, प्रमाणपत्र तेच. फरक पडला तो आपल्या पायावर आपले पोट कसे चालत होते हे सांगण्याने. मृताच्या प्रकरणात त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी काही हिस्सा वजा केला जातो. जखमीच्या प्रकरणात अशी वजावट होत नाही, कारण त्याला जगावयाचे आहे.

हे सांगण्याचे काम प्रमाणपत्राचा कागद करीत नाही. ज्या डॉक्टरांनी उपचार केले अथवा तपासणी केली त्यांची साक्ष त्यासाठी व्हावी लागते. ते न्यायालयात येऊ शकत नसतील तर आयुक्तामार्फत त्यांच्याच ठिकाणी साक्ष नोंदविण्याची विनंती करता येते. त्यांना विचारावयाचा प्रश्नही ‘टक्के किती’ एवढाच नसावा. ‘हा माणूस उकिडवा बसेल काय, जिना चढेल काय, वीस किलोचे ओझे उचलेल काय, दुचाकी चालवील काय’ असे साधे प्रश्न विचारले तर उत्तरेही साधी व उपयोगी येतात.

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा अडथळा. पायलट, मासळी विकणारी बाई, पाडेली, गवंडी यांच्याकडे पगाराची पावती कोठून असणार? अशा श्रमजीवी लोकांकडून कागदी पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही आणि त्यांनी सांगितलेला आकडा वाजवी असेल तर तो स्वीकारावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मजुराच्या व भाजी विक्रेत्याच्या प्रकरणांत म्हटले आहे. असे असले तरी जे काही हाताशी असेल ते जपून ठेवावे. पायलटाचा परवाना व बिल्ला, पतसंस्थेतील रोजची बचत, गाडीच्या कर्जाचे हप्ते, मासळी बाजारातील सोपो कराच्या पावत्या यांवरून न्यायाधिकरणाला अंदाज बांधता येतो. गृहिणीचे उत्पन्न शून्य धरण्याचा काळही आता मागे पडला आहे. तिच्या घरकामाचे मोल धरलेच पाहिजे, असे न्यायालयांनी निरपवादपणे म्हटले आहे.

उत्पन्नाखेरीज इतरही सदरे आहेत : झालेला औषधोपचार, पुढे लागणारा उपचार, रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च, विशेष आहार, उपचारकाळात बुडालेली कमाई, सोबत राहणाऱ्या माणसाचा मोबदला. पत्नीने अथवा बहिणीने कामधंदा सोडून सेवा केली तर ती घरचीच म्हणून तिचे मोल मागावयाचे नाही असे नाही. यांशिवाय वेदनांबद्दल आणि जीवनातील आनंद हिरावला गेल्याबद्दलही भरपाई मिळते. हे शेवटचे सदर अर्जात बहुधा ठरावीक वाक्यात उरकले जाते. शिगम्यात ज्याने पंचवीस वर्षे ढोल वाजविला, देवळातील भजनात ज्याच्या पखवाजावाचून चालत नसे, त्याचे मनगट निकामी झाले तर ते अर्जात स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. न्यायाधीश त्या गावचा नसतो; त्याला हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

विमा कंपनीचे आक्षेप

वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा व नवी मोटार घेताना तीन वर्षांचा असा विमा एकदम उतरवावा लागतो. तरीही विमा कंपनी जबाबदारी नाकारते ती बहुधा तीन कारणांनी : चालकाकडे योग्य परवाना नव्हता, वाहनाचा वापर पॉलिसीच्या अटींविरुद्ध झाला, अथवा जखमी स्वतःच दोषी होता.

गोव्यात दुसरे कारण विशेष उद्भवते. भाड्याने देण्यासाठी नोंदलेल्या स्वयंचालित दुचाकीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. असे असता घरची खाजगी दुचाकी चार पैशांसाठी पर्यटकाला देण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्या पर्यटकाने कोणास धडक दिली की कंपनी अटींच्या भंगाकडे बोट दाखविते. अशा वेळी जखमी त्रयस्थाला सर्वस्वी वाऱ्यावर सोडले जाऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या निर्णयात पुष्ट केलेला ‘आधी कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ हा मार्ग आहे. वस्तुस्थिती पाहून न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकते. जखमीचे त्यात भागते. गाडी देणाऱ्या मालकाचे घर मात्र वसुलीत जाते. तेच दुचाकी विकून नाव न बदलणाऱ्याचे. आर.सी. पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मग गाडी तीन हात फिरलेली का असेना. वाहनाला विमाच नसेल तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. असे वाहन तारण घेतल्याशिवाय सोडू नये, वेळप्रसंगी लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, असे नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना दिले होते.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यासंबंधी एक कटू सत्य सांगणे प्राप्त आहे. केवळ कायद्यापुरता, म्हणजे सर्वांत स्वस्त असा, त्रयस्थ विमा असेल तर मागे बसलेला माणूस त्या दुचाकीच्या पॉलिसीत येत नाही. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्याला त्या वाहनाच्या कंपनीकडून मिळेल. पण आपल्याच चालकाने गाडी झाडावर घातली तर कंपनी हात झटकते. रोज प्रवासी मागे बसविणाऱ्या पायलट बांधवांनी आपली पॉलिसी आज घरी गेल्यावर एकदा उघडून पाहावी.

जखमीच्या स्वतःच्या दोषाविषयी एवढेच की, त्याचा दोष जेवढे टक्के ठरेल तेवढी रक्कम कमी होते. दावा समूळ नाहीसा होत नाही. परवाना नव्हता अथवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून दोष आपोआप सिद्ध होत नाही. त्या गोष्टीमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असा संबंध दाखवावा लागतो. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी येथील दावा टिकू शकतो, कारण येथे संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहिले जाते.

अडीच लाखांचा मोह

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४ खाली, कोणाची चूक हे सिद्ध न करता, मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद केली. रुग्णालयाचे बिल थकलेल्या, घरात चूल पेटण्याची भ्रांत पडलेल्या कुटुंबाला अडीच लाख हा आकडा देवदूतासारखा वाटतो. परंतु कलम १६६ मध्येच एक परंतुक आहे : विमा कंपनीमार्फत तडजोडीच्या रीतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की, न्यायाधिकरणापुढील मूळ दावा संपुष्टात येतो. वरील पायलटाचा हिशेब आठवल्यास या सहीचे मोल कळेल. किरकोळ अस्थिभंग होऊन जो पूर्ववत झाला त्याने ही रक्कम घेऊन मोकळे व्हावे, त्यात त्याचे हितच आहे. ज्याला कायमचे व्यंग येण्याचा संभव आहे त्याने डॉक्टरांचे मत मिळेपर्यंत सही करू नये. कंपनीने देऊ केलेली रक्कम नाकारण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. नाकारल्यास न्यायाधिकरण सुनावणीची तारीख नेमते. मधल्या काळात अंतरिम साहाय्याचीही तरतूद आहे.

धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा मागमूस लागला नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार व मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे साडेबारा हजार व पंचवीस हजार होते. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे न जाता महसूल अधिकाऱ्यांकडे जातो.

वकील, निवाडा आणि रक्कम

मिळेल त्या रकमेचा ठरावीक हिस्सा फी म्हणून घेण्याचा करार वकिलांच्या व्यावसायिक नियमांना मान्य नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रुग्णालयाच्या दारात भेटून ‘तुम्ही फक्त सही करा’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपासून तर दूरच राहावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

निवाड्याच्या रकमेवर व्याज मिळते. अज्ञान मुलांच्या व निरक्षर व्यक्तींच्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवविते. त्यामुळे चिडणारे वारस आढळतात, पण रक्कम हाती येताच दूरचे नातलग जवळ येतात हा अनुभव न्यायालयांनाही आहे. रक्कम अपुरी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील पीठापुढे, अपील करता येते. मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही. दावा चालू असता जखमी अन्य कोणत्याही कारणाने वारला तरी त्याचा हक्क आता वारसांकडे जातो, ही २०२२ पासूनची महत्त्वाची सुधारणा होय.

पुष्कळ दावे लोकअदालतीत मिटतात आणि रक्कमही लवकर मिळते. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही. म्हणून तेथे सही करण्यापूर्वी पायातील सळई काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेखी घ्यावा, आणि तो तडजोडीच्या आकड्यात मिळविलेला आहे की नाही हे वकिलाकडून तेथल्या तेथे वाचून घ्यावे.